डाएटवर असताना दाढीचा साबण कोणता? (कागदावर 'तेल-चरबी अंगाला लावू नये' लिहून हाये)

कपाशी_दर्यापूर | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसू नका, घरचे हसून झाले आहेत.

वय ४४, वजन ९६ होतं. तालुक्याच्या गावात एकानं वजन कमी करायचं सेंटर टाकलं, तिथून डाएट घेतलं. आज २८ वा दिवस. दिवसाला ५०० कॅलरी. सकाळी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. दोन वेळा उकडलेली भाजी, थोडं पनीर, एखादं सफरचंद. सोबत जिभेखाली थेंब. तेलाचा थेंब नाही, शेंगदाणा नाही, जवसाची चटणी नाही. तीन आठवड्यांत ८९ वर आलो, पण मागचे आठ दिवस काटा जागचा हलून नाही राहिला.

सेंटरवाल्याला फोन केला तर तो पहिलं काय विचारते? "दाढीले काय लावता?" म्हटलं, साबण, वाटीतला गोल. म्हणे, तेच. साबणात चरबी असते, ती कातडीतून आत जाते न् वजन अडते. दिलेल्या कागदावर खाली तसं छापलेलंही आहे.

तवापासून साबण बंद. नुसतं पाणी न् तुरटी. चार दिवसांत गालाची चाळणी झाली. दुकानात (कृषी केंद्र आहे आपलं) गिऱ्हाईक विचारते, भाऊ, मांजर भांडलं का?

तर प्रश्न दोन. एक, बिनचरबीचा दाढीचा साबण भेटते का? दोन, बाबा माळकरी आहेत, त्यांचीही दाढी मीच करून देतो. साबणात जनावराची चरबी असते म्हणतात ते खरं का? पुडीवर कसं ओळखायचं?

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९.२२

भाऊ, साबण लावाचा हाय का खावाचा? लावाचा असन तर डाएट कायले मोडते बे!

बाकी २८ दिवस बिनातेलाचं खाऊन तू अजून मोबाईल उचलून रायला, हेच लय झालं. आमच्याकडे दोन दिवस तर्री नाई भेटली तर मानूस कोर्टात जाते.

वस्तरा_आणि_वाटी | सोमवार, रात्री १०.०५

अकोटले माहं कटिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. चरबीचं मले समजत नाही, दाढीचं समजते.

कपाशीभाऊ, नुसत्या पाण्यानं दाढी करणं म्हणजे कोरड्या वावरात वखर घालणं. फेसाचं काम दोन. केसाजवळ पाणी धरून ठेवणं न् पात्याले घसरू देणं. तुरटी नंतरची असते, आधीची नाही. तुरटीनं कातडी आवळते, मंग त्यावर पातं फिरवलं तर सालपट निघणारच.

साबण सांगतो, पण आधी एक सांगा. पाणी कोणतं? दर्यापूरचे म्हणता म्हणून विचारलं.

कपाशी_दर्यापूर | सोमवार, रात्री १०.१४

बोअरचं. खारं. आमच्याकडे नळ येते तो दिवस सण असते.

आता म्हटलं तर आठवलं, साबण लावत होतो तेव्हाही फेस धड होत नव्हता. ब्रश फिरवून फिरवून हात दुखे, न् गालावर फुटक्या दह्यासारखं काहीतरी बसे.

वस्तरा_आणि_वाटी | सोमवार, रात्री १०.१९

बस. अर्धा रोग तिथंच आहे. मास्तर येतील, ते नीट सांगतील.

रसायन_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.४०

आवाज दिल्याबद्दल आभार. निवृत्त झालो तरी फळा सुटत नाही. (मुक्काम वर्धा, पण सासुरवाडी तेल्हाऱ्याची, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा जावईच आहे मी.)

आधी पाण्याचं. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्याचा पट्टा म्हणजे आपला खारपाणपट्टा. तिथल्या भूजलात मीठ आहे आणि बऱ्याच विहिरींत कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणाही आहे. साबणाचे हे दोन वेगवेगळे वैरी आहेत.

जड पाण्यात साबण कॅल्शियमला चिकटतो आणि न विरघळणारी कीट तयार होते. तेच तुमचं फुटकं दही. खाऱ्या पाण्याची तऱ्हा निराळी. साबणाच्या कारखान्यात उकळत्या कढईत मुद्दाम मीठ टाकतात, म्हणजे साबण पाण्यातून वेगळा होऊन वर येतो आणि खाली ग्लिसरीनचं पाणी राहतं. मिठानं साबण बाहेर काढायची ही जुनी रीत आहे. तुमच्या मगात नकळत तोच कारखाना छोट्या प्रमाणात चालू होता. ब्रश कितीही फिरवा, मीठ साबणाला पाण्यात नीट विरघळूच देत नाही.

पाणी उकळल्यानं काही प्रकारचा जडपणा तळाशी बसतो, मीठ मात्र तिथंच राहतं, उलट पाणी आटलं की वाढतं. म्हणून उकळण्यात गॅस घालवू नका. गावात आरओचे जार येतात ना? दाढीला एक वाटी पाणी पुरतं. ब्रश भिजवणं, फेस करणं आणि मधे पातं बुचकळणं, सगळं त्या वाटीत. शेवटचं तोंड धुणं बोअरच्या पाण्यानं केलं तरी चालेल.

पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरा. पहिली सर सोडून द्या, त्यात पत्र्याची धूळ येते.

चरबीचं संध्याकाळी लिहितो. नातवाची शाळा आहे.

अंबाडीची_भाजी | मंगळवार, दुपारी १.३०

मी मंगरूळपीरची. दाढीशी माझा संबंध नाही, पण डाएटवाल्या माणसाशी आहे.

आमच्या ह्यांनी दोन वेळा जेवायचं सुरू केलं, डॉ. दीक्षित सांगतात ते. भूक लागली की जेवा, ५५ मिनिटांत उरका, मधल्या वेळेत तोंड बंद, आणि चालायला जा. ही मूळ कल्पना आपल्या काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांकडून घेतली असं दीक्षित स्वतः सांगतात. त्यात भाकर, वरण, भाजी सगळं आहे. साबणाचा 'सा' त्यात मी कुठंही ऐकला नाही.

एक मात्र सांगते. उपाशी माणसाला वास फार येतात. सुरुवातीच्या दिवसांत ह्यांनी खोबऱ्याच्या वासाची क्रीम आणली होती, दाढी करता करता म्हणायचे, आज वडी केली का गं? दुसऱ्या नळीला बदामाचा वास, तिनं शिरा आठवला. शेवटी कडुलिंबाच्या वासाची आणली तेव्हा घरात शांतता झाली. कपाशीदादा, साबण घ्याल तो खाण्याचा वास नसलेला घ्या. चंदन, कापूर, वाळा असा काहीतरी.

तर्रीबाज | मंगळवार, दुपारी १.४१

वहिनी, धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच हाय. शेगावच्या कचोरीच्या वासाचा साबण निंगला तर डाएटवाले गाल चाटत बसतीन.

मोहफूल | मंगळवार, सायंकाळी ५.१५

इकडे गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात, जुन्या पिढीनं ते दिव्याला आणि खायलाही वापरलं. त्या तेलाचा साबणही होतो. आमच्या बचत गटानं केला, अंगाला मऊ लागतो. हौस म्हणून मी त्याच वडीवर ब्रश घासून दाढी केली. फेस आला, पण ब्रशवरून गालावर नेईपर्यंत बसून गेला. जनरल नॉलेज म्हणून सांगतो, अंगाचा साबण आणि दाढीचा साबण या दोन जाती वेगळ्या. का ते मास्तर सांगतील.

रसायन_मास्तर | मंगळवार, रात्री ८.५०

सांगतो.

कोणताही साबण तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्यापासून होतो. अल्कली सोडियमची (कॉस्टिक सोडा) असली तर वडी कडक होते, पोटॅशियमची (कॉस्टिक पोटॅश) असली तर मऊ आणि पटकन विरघळणारी. दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात, क्रीममध्ये पोटॅशचा भाग जास्त. आणि त्यात स्टिअरिक आम्ल (तेल-चरबीतून निघणारं) भरपूर घालतात. स्टिअरिकमुळे फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि टिकाऊ होतो. खोबरेल तेलानं फेस लगेच येतो, मोठा येतो, पण लवकर फुटतो आणि कातडी कोरडी करतो. मोहाच्या तेलाच्या साध्या वडीत स्टिअरिक दाढीला पुरेल इतकं नसतं, म्हणून तुमचा फेस वाटेतच बसला.

खारपाणवाल्यांसाठी एक गंमत. खोबरेल तेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो. जुन्या काळी जहाजावरचे लोक समुद्राच्या पाण्यात अंघोळीला तोच वापरत. म्हणजे आरओचं पाणी नसेल त्या दिवशी खोबरेलवाला साबण बरा, फक्त नंतर गाल ओढल्यासारखे वाटतील.

आता 'चरबी आत जाते' याचं. साबण तयार होताना तेलाचं तेलपण मोडतं. त्यातून दोन गोष्टी होतात, ग्लिसरीन आणि मेदाम्लाचा (तेल-चरबीतल्या आम्लाचा) क्षार. हा क्षार म्हणजेच साबण. तेव्हा 'बिनचरबीचा साबण' मागणं म्हणजे बिनदुधाचं दही मागणं.

तरी हट्टानं हिशोब करू. एका दाढीला साधारण १ ग्रॅम साबण लागतो असं धरा. त्यात मेदाचा भाग पाऊण ग्रॅम. मेदाच्या १ ग्रॅमला ९ कॅलरी. झाल्या पावणेसात. म्हणजे फेस धुवून न टाकता सगळाच्या सगळा गालातून आत गेला, जो जात नाही, तरी दोन शेंगदाण्यांएवढी कमाई. आणि तो गालावर असतो किती वेळ? तीन मिनिटं. मग धुतला जातो. पावणेसात कॅलरींनी आठ दिवस वजन अडत असेल तर आपण सगळेच फुगे झालो असतो.

कपाशी_दर्यापूर | मंगळवार, रात्री ९.३०

मास्तर, नमस्कार. हिशोब पटला. पण एक शंका आहे. घरातल्या अंघोळीच्या साबणाच्या पुडीवर 'टीएफएम ७६ टक्के' लिहिलेलं आहे. सेंटरवाल्यानं तोच आकडा दाखवून सांगितलं होतं, पहा, ७६ टक्के चरबी!

न् बाबांच्या प्रश्नाचं राहिलं.

रसायन_मास्तर | मंगळवार, रात्री १०.०२

टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण मेदाम्लांचं प्रमाण. मोकळी चरबी नव्हे, साबण होऊन बसलेली मेदाम्लं. भारतीय मानकात अंघोळीच्या साबणाची पहिली प्रत किमान ७६ टक्के, दुसरी ७०, तिसरी ६०. आकडा जितका मोठा तितका साबण चांगला आणि भरताड कमी. ज्या आकड्याकडे पाहून साबण घ्यायचा, त्याच आकड्यानं तुम्हाला भिववलं.

बाबांसाठी पुडीमागची बारीक अक्षरं वाचा. 'टॅलोएट' असा शब्द दिसला (सोडियम टॅलोएट, पोटॅशियम टॅलोएट) तर ती जनावराची चरबी. 'पामेट' किंवा 'पाम कर्नेलेट' म्हणजे पाम, 'कोकोएट' म्हणजे नारळ. खोच आहे ती 'स्टिअरिक ॲसिड' या नावात. ते पामपासूनही निघतं आणि चरबीपासूनही, नावावरून कळत नाही. पुडीवर हिरवा ठिपका किंवा 'वनस्पतीजन्य' असं लिहिलेलं असेल तरच माळकरी घरात न्या.

आता माझी एक विनंती. तुमच्या डाएटचा तो कागद इथं जसाच्या तसा लिहा. सेंटरचं नाव नको. मला एक संशय आहे.

कपाशी_दर्यापूर | मंगळवार, रात्री १०.४०

लिहितो. मराठी त्यांचीच आहे, मी काही बदललं नाही.

"सकाळी: चहा अथवा कॉफी, साखरेविना. दुपारी: प्रथिने १०० ग्रॅम, एक भाजी, एक ग्रिसिनी, एक सफरचंद अथवा संत्रे. रात्री: दुपारप्रमाणे. थेंब १०, जिभेखाली, दिवसातून ३ वेळा. अंगास तेल, क्रीम, लोशन, चरबीयुक्त साबण वर्ज्य. लिपस्टिक, भुवयांची पेन्सिल व पावडर चालेल."

ग्रिसिनी काय ते सेंटरवाल्याले पण माहीत नव्हतं. म्हणे, टोस्ट खा. लिपस्टिकचा प्रश्न आपल्याकडे आला नाही.

तर्रीबाज | मंगळवार, रात्री १०.४४

ग्रिसिनी म्हणजे ग्रीस का बे? ट्रॅक्टरले लावते ते?

रसायन_मास्तर | बुधवार, सकाळी ६.१५

संशय खरा निघाला. ग्रिसिनी म्हणजे इटलीतली काडीसारखी कडक पावाची कांडी. दर्यापूरच्या माणसाच्या ताटात इटलीची कांडी कशी आली, त्याची गोष्ट मोठी आहे.

डॉ. ए. टी. डब्ल्यू. सिमिअन्स नावाचे एक ब्रिटिश डॉक्टर होते. बरीच वर्षं ते मुंबईत होते, नंतर रोमला गेले आणि तिथल्या एका रुग्णालयात लठ्ठपणावर उपचार करू लागले. १९५४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी आपली पद्धत मांडली. दिवसाला ५०० कॅलरींचं जेवण आणि सोबत एचसीजी नावाच्या संप्रेरकाचं छोटं इंजेक्शन. रोममध्ये लिहिलं म्हणून ग्रिसिनी. आणि अंगाला स्निग्ध काही लावू नका, लिपस्टिक, भुवयांची पेन्सिल, पावडर तेवढी चालेल, ही सूचनाही त्यांचीच. तुमच्या सेंटरवाल्यानं कागद कुठून तरी उतरवला, अर्थ मात्र लावला नाही.

म्हणजे दाढीच्या साबणाची ही भीती सत्तर वर्षांपूर्वीच्या रोममधून निघून आज तुमच्या न्हाणीत पोचली आहे.

थेंबांच्या बाटलीवर काय लिहिलं आहे?

कपाशी_दर्यापूर | बुधवार, सकाळी ७.०५

इंग्रजीत एच सी जी न् पुढे काही आकडे.

सिस्टर_उपकेंद्र | बुधवार, दुपारी ३.२०

मी रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहावं लागते.

दादा, एचसीजी हे बाईला दिवस गेले की अंगात तयार होणारं संप्रेरक आहे. गरोदरपणाची तपासणी करायच्या किटवर दुसरी रेघ येते ती याच्याचमुळे. औषध म्हणून ते गरोदर बायांच्या लघवीतून काढतात. वंध्यत्वाच्या उपचारात त्याचं इंजेक्शन खरंच वापरतात. वजनासाठी मात्र त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि अमेरिकेत तर त्या औषधाच्या माहितीपत्रकावर तसं छापावं लागते. तोंडातून घ्यायचे थेंब विकणाऱ्यांना २०११ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं नोटिसाही दिल्या.

वजन उतरलं ते थेंबानं नाही, ५०० कॅलरींनी. एवढं कमी खाल्लं तर कोणाचंही उतरते. पहिल्या आठवड्यात उतरते त्यात पाणीही खूप असते, मंग काटा थांबल्यासारखा वाटते. त्यात दाढीच्या साबणाचा काय दोष?

आता खरं विचारते. उभं राहिल्यावर अंधारी येते का? थंडी वाजते का? बीपीची किंवा साखरेची गोळी चालू आहे का? साखरेची गोळी घेऊन इतकं कमी खाल्लं तर साखर एकदम खाली जाते, बीपीवाल्याचं बीपी उतरते. इतक्या झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, न् दोन-तीन महिन्यांनी केसही गळू शकतात. जेवणात तेल नसलं की कातडीही कोरडी पडते. गाल फाटून रायले त्यात तुरटीचा हात आहे तसा ह्याचाही असू शकते.

कपाशी_दर्यापूर | बुधवार, दुपारी ३.४८

ताई, बीपीची गोळी चालू आहे. अंधारी येते. परवा गोदामात खताच्या थप्पीला धरून उभा राहिलो. घरी सांगितलं नाही.

सिस्टर_उपकेंद्र | बुधवार, दुपारी ३.५१

आजच्या आज डॉक्टरला दाखवा. गोळी मनानं बंद करू नका, डाएटचा कागद न् बाटली दोन्ही सोबत न्या. न् घरी सांगा.

आता_सडपातळ | बुधवार, रात्री ८.३०

सगळे एका बाजूनं बोलत आहेत म्हणून लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला. हेच थेंब घेतले, ४० दिवसांत ११ किलो उतरलो. तेलसाबण सगळं बंद केलं होतं. मला कधी अंधारी आली नाही. शिस्त पाळली तर गुण येते. दोष शिस्तीत असतो, औषधात नाही.

सिस्टर_उपकेंद्र | बुधवार, रात्री ८.५५

दादा, उतरले ना ११, कोणी नाही म्हणत नाही. आता किती आहे?

आता_सडपातळ | बुधवार, रात्री ९.१०

७ परत आले. पण ते दिवाळीमुळे.

तर्रीबाज | बुधवार, रात्री ९.११

भाऊ, नाव बदलून घे मंग.

आता_सडपातळ | बुधवार, रात्री ९.२०

मजा करा. पण उतरले होते हे खरं.

रसायन_मास्तर | बुधवार, रात्री ९.४५

खरं आहे, आणि ११ किलो उतरवायला ४० दिवस जी जिद्द लागली ती तुमची स्वतःची होती. ते श्रेय बाटलीला कशाला देता? एचसीजीची परीक्षा घेण्याची रीत जुनी आहे. एका गटाला एचसीजीचं इंजेक्शन, दुसऱ्याला नुसत्या मिठाच्या पाण्याचं, जेवण दोघांचं सारखं. असे बरेच प्रयोग झाले आणि १९९५ साली ते सगळे एकत्र करून तपासले गेले. एचसीजीमुळे वजन जास्त उतरतं, भूक कमी लागते किंवा चरबीची जागा बदलते, याला आधार सापडला नाही.

कपाशीभाऊ, डॉक्टरकडे गेलात का?

*(दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही.)*

कपाशी_दर्यापूर | शनिवार, सकाळी १०.३०

गेलो होतो. बीपी खाली होतं. डॉक्टरनं गोळीचा डोस बदलला, ५०० कॅलरीचं डाएट बंद करायला सांगितलं. बायकोला घरी सांगितलं, तिनं जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन टाइम जेवण न् पहाटे चालणं ठरलं आहे, डॉक्टरला विचारूनच. अंबाडीताई, तुमच्या यजमानांची वेळ काय ते कळवा.

दुसरी गोष्ट. सिस्टरताईंनी किटचं लिहिलं ते बायकोनं वाचलं. मेडिकलमधून एक किट आणली, थेंब टाकले. रेघ एकच आली! मास्तर, याचा अर्थ काय?

रसायन_मास्तर | शनिवार, सकाळी ११.१५

किट लघवीसाठी बनवलेली असते, थेंबांत अल्कोहोल वगैरे असेल तर ती फसूही शकते, म्हणून कोर्टात चालणारा पुरावा नाही. पण इंजेक्शनात देतात तेवढं एचसीजी बाटलीत असतं तर दुसरी रेघ ठळक यायला हवी होती. बहुतेक तुम्ही महिनाभर महागडं पाणी जिभेखाली ठेवलं.

तर्रीबाज | शनिवार, सकाळी ११.१८

काँग्रॅच्युलेशन भाऊ, दिवस गेले नाई, पैसे गेले.

कपाशी_दर्यापूर | शनिवार, सकाळी ११.४०

हसा. बाबांनी ते 'लघवीतून काढतात' वाचलं न् दोन दिवस माझ्या हातचं पाणी नाही घेतलं. साबणातली चरबी हुडकत बसलो न् जिभेखाली काय ठेवत होतो! एकच रेघ आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांनाच झाला. म्हणे, बरं झालं, फसवलं त्यानं.

आता मूळ प्रश्न. आरओच्या जारमधलं वाटीभर पाणी घेऊन जुना गोल साबण लावून पाहिला. बाप्पा! ब्रश दोन मिनिटं फिरवला तर वाटी भरून वर आला फेस. २० वर्षं मी त्या साबणाला शिव्या देत होतो.

पण हनुवटीच्या वर, दोन्ही गालांत अजून कापते. तिथं काय करू?

वस्तरा_आणि_वाटी | शनिवार, दुपारी १२.३०

ते साबणाचं नाही, सात किलोचं आहे. गालफडं आत गेली. भरलेल्या गालावर पातं सपाट चालते, खड्ड्यात फक्त कडा टेकतात न् तिथंच काप बसते. म्हाताऱ्या माणसाची दाढी करताना आम्ही हेच सांभाळतो. बाबांचीही करता ना, त्यांच्यासाठीही ध्यानात ठेवा.

आंघोळीनंतर दाढी करा, आधी नको. केस भिजून मऊ पडतात, निम्मं काम तिथंच होते. ब्रश साबणावर घासून फेस वाटीत वेगळा करा, न् केसाच्या उलट्या दिशेनं घुमवत गालावर लावा म्हणजे केस उभे राहतात. मंग तोंडात हवा भरून गाल फुगवा. नाहीच जमलं तर आतून जीभ लावून खड्डा वर उचला. पातं केस झुकते त्या दिशेनं, दाब नाही. पहिल्या फेरीनंतर परत फेस लावा, कोरड्या गालावर दुसरी फेरी कधीच नाही. तुरटी सगळ्यात शेवटी, ओली करून एकदा फिरवा न् धुऊन टाका. आता तर खोबरेल तेलाचे दोन थेंबही चालतीन तुमाले, कागद फाडला असन तर.

साबण कोणता म्हणाल तर तुमचा तोच गोल ठेवा. दुकानात मी नळीतली क्रीम वापरतो, कारण गिऱ्हाईक एकामागून एक असते. घरी वाटीतला साबण महिनोन् महिने जाते. फक्त वापरून झाला की वाटीतलं पाणी ओतून द्या न् ब्रश झटकून केस खाली करून टांगा, नाहीतर ब्रश सडते.

अंबाडीची_भाजी | शनिवार, दुपारी २.१०

ह्यांची वेळ सकाळी १० आणि सायंकाळी ७. पहिले पाच दिवस जीव जाईल, सहाव्या दिवशी सवय होते. जेवणात तेल घ्या म्हणावं, फोडणी द्यायला बायकोला मोकळीक द्या. ती बिचारी महिनाभर उकडलेलं करून कंटाळली असेल.

कपाशी_दर्यापूर | शनिवार, दुपारी २.३५

आज तुरीच्या वरणाले फोडणी पडली, ताई. जिऱ्याचा वास शेजारपर्यंत गेला.

वस्तराभाऊ, जीभ लावून गाल उचलायचं बाबांवर कसं जमवायचं? दात नाहीत न् ते मधेच बोलतात.

वस्तरा_आणि_वाटी | शनिवार, दुपारी २.५०

एका हाताच्या दोन बोटांनी कानाजवळची कातडी वर ओढून धरा न् त्यांना हरिपाठ म्हणायला लावू नका तेवढा वेळ. रविवारी अकोटकडे येणं होत असन तर बाबांना घेऊन येजा, एकदा समोर करून दाखवतो. पाणी माझ्याकडे गोडं असते.